उभ्या गाडीचा हिवाळा

नवी गाडी अंगवळणी पडते न पडते तोच हिवाळा येऊन ठेपतो. क्लच नेमका कुठे उचलतो हे पायाला नुकतंच कळू लागलेलं असतं, सीटवरचं प्लॅस्टिक निघून फार दिवस झालेले नसतात, आणि इकडे बर्फाचे अंदाज सुरू होतात. बर्फ पडला की रस्त्यावर मीठ टाकलं जातं. ते मीठ पाण्यात विरघळतं आणि चाकांनी उडवलेल्या चिखलासकट गाडीच्या पोटाखाली, सांध्यासांध्यांत जाऊन बसतं. घरात दुसरी जुनी गाडी असेल किंवा जाण्यायेण्याची वेगळी सोय असेल, तर मनात पहिला विचार हाच येतो: राहू दे हिला उभी, थंडी सरली की काढू.

माझ्याही मनात तो आला आणि मी तसंच केलं. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. मात्र त्या निमित्ताने जे वाचलं, जाणत्या मेकॅनिक मंडळींकडून जे ऐकलं आणि बॉनेट उघडून स्वतः जे पाहिलं, त्यातून एक मत पक्कं झालं. गाडी उभी ठेवणं हे काम आहे, आणि ते जवळजवळ सगळं गाडी उभी करण्याआधीच उरकायचं असतं. एकदा ती उभी राहिली की पुढे मायेपोटी आपण जे काही करतो, त्यातलं बरंचसं तिला नडतं.

मुळात उभी असलेली गाडी विश्रांती घेत असते, हा आपला गोड समज आहे. इंजिन बंद होतं, रसायनं बंद होत नाहीत. बॅटरीत शिसं आणि आम्ल यांचं चाललेलंच असतं, टाकीतल्या पेट्रोलचा हवेशी व्यवहार सुरू असतो, रबरावर ओझोनचा मारा चालू असतो, लोखंडावर ओल बसत असते. थंडीचा यात दुहेरी हात असतो. तापमान १० अंशांनी उतरलं की बऱ्याच रासायनिक क्रिया साधारण निम्म्या वेगाने होतात, त्यामुळे कडाक्याच्या थंडीत काही गोष्टी उलट अधिक टिकतात. यावरून निघणारी एक गोष्ट ऐकायला विचित्र वाटते: मीठ लागलेली गाडी उबदार गॅरेजमध्ये ठेवली, तर ती बाहेर गोठणाऱ्या थंडीत उभ्या असलेल्या गाडीपेक्षा लवकर गंजू शकते. उबेत बर्फ वितळतो, मिठाचं पाणी होतं आणि ते निवांतपणे धातू खात बसतं. तेव्हा उभी करण्याआधी गाडी धुवायची ती वरून चकचकीत दिसावी म्हणून नाही. खालून, चाकांच्या कमानींच्या आतून, जिथे आपली नजर कधी जात नाही तिथून धुवायची. आणि धुतल्यावर थोडी फिरवून वाळवायची. ओली गाडी झाकून ठेवण्यापेक्षा न धुतलेली बरी, असं मी म्हणेन.

बॅटरीबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण उभ्या गाडीचा घात बहुतेक वेळा तिथेच होतो. शिसं-आम्लाची बॅटरी गास्तों प्लाँते या फ्रेंच संशोधकाने १८५९ मध्ये बनवली. तिचं मूळ रसायन आजही तेच आहे, आणि तिचा स्वभावदोषही. चार्ज उतरला की पट्ट्यांवर लेड सल्फेट जमतं. लगेच चार्ज केलं तर ते विरघळून परत जातं. बरेच दिवस तसंच राहिलं तर त्याचे कडक स्फटिक होतात आणि पट्टीचा तेवढा भाग कायमचा निकामी होतो.

आता गाडी बंद असताना वीज खातं कोण? गाडीचं कुलूप, अलार्म, किल्लीचा संकेत ऐकण्यासाठी जागा राहिलेला रिसीव्हर, घड्याळ आणि कायम अर्धवट जागी असणारी संगणकांची एक फौज. गाडी जितकी नवी, तितकी ही फौज मोठी. साधारण ३० मिलिअँपियर वीज अशीच जात असेल तर ती खराबी मानली जात नाही. आकडा किरकोळ वाटतो. पण दिवसाला पाऊण अँपियर-अवर (बॅटरीतली वीज मोजण्याचं माप) म्हणजे ९० दिवसांत सुमारे ६५ अँपियर-अवर, आणि मध्यम गाडीतली बॅटरी असते ४५ ते ६० ची. हिशेब तोंडीच होतो. शून्यावर येण्याच्या बऱ्याच आधी ती इंजिन फिरवण्याच्या कामाची राहिलेली नसते.

थंडीत यावर आणखी एक संकट आहे. पूर्ण भरलेल्या बॅटरीतलं आम्ल उणे ५० अंशांच्याही खाली गोठतं, म्हणजे तिला गोठण्याची चिंता जवळजवळ नाहीच. पुरती उतरलेल्या बॅटरीत मात्र आम्लाचं बहुतांशी पाणी झालेलं असतं आणि ते उणे १० च्या आतच गोठतं. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. पट्ट्या वाकतात, डबा तडकतो. थोडक्यात, थंडी बॅटरीला एकटी मारत नाही, उतरलेल्या चार्जला हाताशी धरून मारते.

उपाय दोनच. ज्यांच्याकडे वीजजोडणी असलेली जागा आहे त्यांनी मेंटेनर लावावा. साधा चार्जर नव्हे. बॅटरी भरली की स्वतःहून दम खाणारा आणि गरज पडली की पुन्हा थोडं थोडं देणारा. नाहीतर बॅटरी पूर्ण चार्ज करून ऋण टर्मिनल काढून ठेवावं. काढण्यापूर्वी एक गोष्ट जरूर पाहावी: काही गाड्यांची बॅटरी डिकीत असते आणि डिकीचं कुलूप विजेवर चालतं. टर्मिनल काढलं, डिकी सहज म्हणून लावून टाकली, की मग मॅन्युअलमधला लपलेला किल्लीचा मार्ग शोधत बसावं लागतं. मल्टिमीटर असेल तर आकडेही लक्षात ठेवायला सोपे आहेत. काही तास शांत राहिलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे चार्ज करायची वेळ झाली, १२ म्हणजे उशीर होत आलाय.

इथे हटकून कोणीतरी सांगतं, ‘एवढं कशाला? आठवड्यातून एकदा स्टार्ट करून पाच मिनिटं चालू ठेवायची.’ हा सल्ला इतक्या लोकांकडून, इतक्या आपुलकीने मिळतो की तो खोडून काढताना वाईट वाटतं. तरी खोडायलाच हवा.

एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं. पेट्रोलमधला हायड्रोजन हवेतल्या प्राणवायूशी जुळला की पाणीच होणार, त्याला इलाज नाही. इंजिन तापलेलं असतं तेव्हा हे पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. थंड इंजिनात ते सायलेन्सरच्या आतल्या भिंतींवर जमतं, काही पिस्टनच्या कडेने उतरून खाली ऑइलमध्ये मिसळतं. शिवाय थंड इंजिनाला चालायला जास्त पेट्रोल द्यावं लागतं, आणि त्यातलं न जळलेलं थोडं सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन त्याच वाटेने खाली जातं. ऑइल पुरेसं तापलं असतं तर हे पाणी आणि पेट्रोल उडून गेलं असतं. पण उभ्या जागी पाच मिनिटांत काटा थोडा हलतो तो कूलंटचा. ऑइल तापायला त्याहून बराच वेळ लागतो, तोही गाडी चालती असेल तर. आणि स्टार्टरने एका दमात बॅटरीतून जे ओढलं, ते आयडलवर, म्हणजे इंजिन उभ्या जागी नुसतं घुमत असताना, पाच मिनिटांत, तेही गारठलेल्या बॅटरीत, भरून येईलच असं नाही. म्हणजे ज्या बॅटरीसाठी हा खटाटोप, तीच दर आठवड्याला थोडी मागे पडते.

अर्ध्या-पाऊण तासाची सलग फेरी मारता येत असेल तर गोष्ट वेगळी. रस्ता कोरडा, मीठ धुऊन गेलेलं, इंजिन चांगलं तापतं, टायर फिरतात, ब्रेक स्वच्छ होतात, एसीच्या कॉम्प्रेसरच्या सीलना तेल मिळतं. अशी फेरी उत्तमच. पण मग ती उभी ठेवलेली गाडी नव्हे, क्वचित चालवलेली गाडी. या दोहोंच्या मधली, उभ्या जागी इंजिन घुमवण्याची जी तिसरी पद्धत आहे, ती गाडीसाठी नसून आपल्या समाधानासाठी असते. स्टार्टचा आवाज ऐकला की बरं वाटतं. नव्या गाडीच्या मालकाला तर फारच बरं वाटतं.

ऑइलबद्दल आणखी एक गोष्ट, जी नव्या गाडीवाल्यांना पटत नाही. ‘आत्ताच तर घेतली, ऑइल बदलायला अजून कितीतरी किलोमीटर आहेत.’ खरं आहे. पण वापरलेल्या ऑइलमध्ये ज्वलनातून आलेली आम्लं आणि ओल असते, आणि नव्या इंजिनाच्या पहिल्या ऑइलमध्ये तर भाग एकमेकांवर घासून बसताना निघालेले धातूचे बारीक कणही असतात. हे सगळं बेअरिंगांच्या अंगावर महिनोन्महिने बसवून ठेवण्यापेक्षा उभी करण्याआधी ऑइल आणि फिल्टर बदलून, नवं ऑइल सगळीकडे पोचेल एवढी गाडी फिरवून मग बंद करावी. थंडी सरल्यावर बदलण्यात तसा अर्थ नाही. नुकसान व्हायचं ते मधल्या काळात झालेलं असतं.

कूलंट नव्या गाडीत सहसा ठीक असतं. इथिलीन ग्लायकॉल आणि पाणी निम्मं-निम्मं असेल तर ते उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. कोणी मधल्या काळात साधं पाणी वरून ओतलं नसेल, एवढंच पाहायचं.

टाकी भरून ठेवावी की रिकामी, यावर मात्र लोक हमरीतुमरीवर येतात. भरून ठेवा म्हणणाऱ्यांचं कारण जुन्या लोखंडी टाक्यांचं आहे: रिकाम्या जागेत हवा, हवेत ओल, ओलीचं पाणी, पाण्याने गंज. आजच्या बहुतेक कारच्या टाक्या प्लॅस्टिकच्या आणि बऱ्यापैकी बंदिस्त असतात, त्यामुळे हे भय पूर्वीइतकं उरलेलं नाही. तरी मी भरण्याच्याच बाजूचा, कारण पेट्रोलमधले हलके घटक आधी उडून जातात, आणि थंड इंजिनाला पेट घ्यायला नेमके तेच लागतात. टाकीत हवा जितकी कमी, तितकं हे उडणं आणि पेट्रोलचं ऑक्सिडीकरण कमी. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतली ओल ओढतं. ठरावीक मर्यादेपलीकडे पाणी झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून वेगळे होतात आणि तळाशी बसतात, जिथून पंप उचलतो. थंडीत ही मर्यादा आणखी खाली येते. दोन-तीन महिन्यांसाठी ताजं पेट्रोल भरून ठेवलं तर सहसा काही होत नाही. त्याहून जास्त उभी राहणार असेल तर स्टॅबिलायझर, म्हणजे पेट्रोल टिकवणारं रसायन, घालून गाडी थोडी चालवावी, म्हणजे ते नळ्यांत आणि इंजेक्टरपर्यंत पोचतं. डिझेलवाल्यांनी मात्र वेगळीच काळजी घ्यावी: उन्हाळ्यात भरलेलं डिझेल कडाक्याच्या थंडीत मेणासारखं साकळतं आणि फिल्टर बंद करतं. उभी करण्याआधी शेवटचं भरलेलं डिझेल हिवाळी असलं पाहिजे.

टायर. हा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो, कारण रबराच्या बाबतीत आपला अंदाज पार उलटा पडतो. आपल्याला वाटतं, टायर चालून झिजतात, मग उभे राहिले तर टिकतील. पण टायरच्या रबरात कारखान्यातच मेण आणि ओझोनरोधक रसायनं मिसळलेली असतात. टायर फिरतो, दर फेरीत दबतो, सुटतो; त्या मळण्याने ती आतून पृष्ठभागावर येत राहतात आणि एक पातळ थर राखतात. उभ्या टायरला हे मळणं मिळत नाही. म्हणून चालत्या टायरपेक्षा वर्षानुवर्षं उभ्या टायरच्या बाजूंना बारीक भेगा लवकर पडतात. एका हिवाळ्याने टायर फाटणार नाहीत हे खरं. पण फारसं न वापरल्यामुळे नवेच राहिलेत असं मानून दहा वर्षं तेच टायर घालणाऱ्यांनी बाजूवरचा चार अंकी आकडा वाचावा: पहिले दोन अंक आठवडा, नंतरचे दोन वर्ष. टायरचं वय तिथून मोजतात, गाडीच्या मीटरवरून नाही.

हिवाळ्यापुरता खरा प्रश्न आहे तो एकाच जागी दबून सपाट होण्याचा. गाडीचा भार चार तळव्याएवढ्या ठिकाणांवर असतो. थंडीत रबर आणि आतले नायलॉनचे धागे ताठरतात आणि त्याच आकारात बसतात. त्यातून हवाही उतरते. तापमान १० अंशांनी घटलं की दीड-दोन पीएसआय कमी होतं, वर महिन्याला एखादा पीएसआय रबरातूनच झिरपतो. ३० अंशांची घट आणि तीन महिने, म्हणजे ३३ वर सोडलेला टायर २५ च्या आसपास येऊन बसायचा. म्हणून उभी करताना बाजूवर लिहिलेल्या कमाल मर्यादेच्या आत राहून थोडी जास्त हवा भरावी आणि अधूनमधून गाडी हाताने ढकलून चाक पाव फेरा पुढे न्यावं. इंजिनाला हात न लावता मायेपोटी करता येण्यासारखं हे एक काम आहे, आणि थंडीत अंगही गरम होतं.

हँडब्रेक ओढून ठेवू नये. पॅड किंवा लायनर ओलीने आणि गंजाने चिकटून बसतात, आणि मग महिन्यांनी गाडी काढताना चाक फिरत नाही. सपाट जागा, गिअरमध्ये गाडी, चाकाला पुढून मागून ठोकळे. बऱ्याच नव्या गाड्यांमध्ये इलेक्ट्रिक हँडब्रेक गाडी बंद करताच आपोआप लागतो. तो सोडून ठेवायची रीत मॅन्युअलमध्ये असते. नवी गाडी घेतल्यावर मॅन्युअल न वाचण्याची जी आपली सर्वमान्य पद्धत आहे, तिला इथे अपवाद करावा.

आता झाकण. नव्या गाडीवर कव्हर घालण्याचा मोह कोणाला होत नाही? नव्या वहीच्या पहिल्या पानावर काही लिहायला हात धजत नाही, तसं असतं ते. पण गाडीच्या रंगावरचा पारदर्शक थर ४०-५० मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही पातळ. उघड्यावर वाऱ्याने फडफडणारं, खाली धूळ अडकलेलं कव्हर त्या थरावर घासत राहिलं, तर नुसत्या धुळीने जे झालं नसतं ते कव्हरने होतं. आणि मेणकापडासारखं हवाबंद कव्हर सगळ्यात वाईट. कडाक्याच्या थंडीनंतर एखादा दमट, उबदार दिवस येतो तेव्हा गाडीचा धातू अजून गारच असतो. त्यावर हवेतली ओल घाम आल्यासारखी जमते. ती उडून जायला वाट हवी. आत ठेवायची असेल तर श्वास घेणारं सुती कव्हर, बाहेर ठेवायची असेल तर घट्ट बसणारं आणि हवा जाऊ देणारं. तसं मिळत नसेल तर चांगलं मेण लावून उघडी ठेवलेली परवडली.

उंदरांना बॉनेटखालची जागा आवडते. कोरडी, अंधारी, वाऱ्यापासून आडोशाची, आणि एअर फिल्टरच्या डब्यात तर घरटं करायला तयार खोलीच. वायरी कुरतडल्या की शोधायला दिवस जातात. गाडीत खाण्याचा कण ठेवू नये, सायलेन्सरच्या आणि हवेच्या तोंडाशी स्टीलच्या काथ्याचा बोळा लावावा. आणि तो बोळा काढायचा आहे हे कागदावर लिहून स्टिअरिंगला चिकटवावं. हसू येतं, पण टर्मिनल, ठोकळे, बोळा, जास्तीची हवा हे सगळं महिन्यांनी आठवत नाही.

विजेवरच्या गाडीचं यातलं बरंच टळतं. तिची मोठी लिथियम बॅटरी पूर्ण भरून ठेवण्यापेक्षा अर्ध्याच्या आसपास ठेवलेली बरी. कायम शंभर टक्क्यांवर राहणं तिला म्हातारं करतं. मात्र बहुतेक अशा गाड्यांतही १२ व्होल्टची एक छोटी बॅटरी असते, आणि ती मेली की पोटात भरपूर वीज असूनही दार उघडत नाही. शिवाय ॲप उघडून दिवसातून चारदा गाडीची खुशाली विचारायची सवय असेल, तर दर विचारण्यासरशी गाडी जागी होते आणि थोडी वीज खाते.

खुशाली विचारण्याची ही ओढ पेट्रोलवाल्यांनाही सुटत नाही. मी अधूनमधून कव्हरचा कोपरा उचलून पाहायचो. मेंटेनरचा हिरवा दिवा बघायचा, खाली काही गळलंय का ते बघायचं, वास घ्यायचा. एवढं पुरतं. किल्ली खिशात असायची, आणि ती खिशातच ठेवायला जरा जोर लावावा लागायचा. गाडीत बसलं की दार उघडल्यामुळे संगणक जागे होतात हे ठाऊक असूनही एकदोनदा नुसता बसलो. ते मी नियमात धरत नाही.

बाहेर काढायच्या दिवशी घाई नको. आधी कागद वाचायचा. बोळा काढायचा, एअर फिल्टरचा डबा उघडून बघायचा, हवा ठरलेल्या दाबावर आणायची, ऑइल आणि कूलंटची पातळी पाहायची, मग टर्मिनल. पहिल्या ब्रेकला खरखर होते. डिस्कवर गंजाचा पातळ थर धरलेला असतो, तो काही हलक्या ब्रेकांनी निघून जातो. खरखर गेलीच नाही तर पॅड चिकटले असू शकतात असं समजावं. टायर सुरुवातीला धडधडतात, तापले की बहुतेक गोल होतात. टर्मिनल काढलं होतं तर काही गाड्यांत विजेवरची काच पुन्हा नीट वरपर्यंत जावी म्हणून तिला खालीवर करून शिकवावं लागतं, घड्याळ लावावं लागतं. आणि त्या दिवशी कोपऱ्यापर्यंत जाऊन परत येऊ नये. इंजिन आणि ऑइल पूर्ण तापेपर्यंत, निदान तासभर चालवावी.

मीटरवर किलोमीटर होते तिथेच असतात. पण सर्व्हिसच्या पुस्तकात ‘इतके किलोमीटर किंवा इतके महिने, जे आधी होईल ते’ असं लिहिलेलं असतं, वॉरंटीचंही तसंच, आणि महिने कधीच पुढे निघून गेलेले असतात. तेव्हा उभी करण्याआधी बदललेल्या ऑइलची पावती हाताशी ठेवावी, आणि थंडीनंतरची पहिली फेरी डोंगराकडे न जाता सर्व्हिस सेंटरकडे गेली तर फार मनाला लावून घेऊ नये.